इंद्रधनुष्याची कमान येते कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहावीत आहे. पुस्तकात पावसाच्या एका थेंबाची आकृती आहे. पांढरा किरण आत शिरतो आणि सात रंग होऊन बाहेर पडतो. तिथपर्यंत तिला पटलं. मग तिने विचारलं, पाऊस तर आभाळभर पडतोय, मग रंग त्या एका पट्ट्यातच का? पट्टा कमानीसारखा का, सरळ का नाही? थेंब खाली पडत असताना कमान जागची हलत कशी नाही? आणि आकृतीत तांबडा खाली दाखवलाय, आभाळात मात्र तो वर असतो, हे कसं?

पोरीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेले कितीतरी जण हे प्रश्न न पडताच पुढे निघून जातात. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात आणि पावसाळ्यात मुलांना डोंगरावर नेऊन आभाळ दाखवण्यात माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा उत्तर थोडं लांबणार.

आधी गाभा. ‘थेंब म्हणजे छोटा लोलक’ हे आपण शाळेत शिकवतो आणि तिथेच थांबतो. लोलकाने रंग समजतात, कमान समजत नाही. कमान होते ती वेगळ्याच कारणाने: गोल थेंब त्याच्यावर पडलेला उजेड सगळ्या दिशांना सारखा परत पाठवत नाही. एका ठराविक कोनात तो त्याची गर्दी करतो. हा कोन सुमारे ४२ अंशांचा. पाण्याने रंग अजिबात वेगळे केले नसते तरी आभाळात कमान दिसलीच असती, फक्त पांढरी.

ही गर्दी कशी होते ते मुलीला कॅल्क्युलेटर देऊन करून बघू द्या, माझं ऐकून नको. किरण थेंबात शिरताना वाकतो, मागच्या बाजूला आतून परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. किरण ज्या दिशेने आला त्या दिशेशी त्याची परतीची वाट किती कोन करते, एवढंच काढायचं. किरण थेंबावर पडताना पृष्ठभागाच्या लंबाशी जो कोन करतो तो आपतन कोन, आत शिरल्यावर करतो तो अपवर्तन कोन. पाण्याचा अपवर्तनांक (पाणी उजेडाला किती वाकवतं त्याचं माप) १.३३३ घ्यायचा, स्नेलच्या नियमाने (आपतन कोनाच्या साइनला अपवर्तनांकाने भागलं की अपवर्तन कोनाची साइन) अपवर्तन कोन काढायचा, त्याच्या चौपटीतून आपतन कोनाची दुप्पट वजा करायची. बस्स.

थेंबाच्या बरोबर मध्यावर आलेला किरण आला तसा मागे फिरतो, कोन शून्य. आता किरण मध्यापासून कडेकडे सरकवत न्या. आपतन कोन १० अंश असेल तर परतीचा कोन सुमारे १०. आपतन २० ला १९.५. आपतन ३० ला २८. आपतन ४० ला ३५. वाढ मंदावलेली दिसते ना? ५० ला ४०.३, ५५ ला ४१.७, ६० ला ४२.१. आणि इथून गाडी उलटी फिरते: ६५ ला ४१.३, ७० ला ३९.३, ८० ला थेट ३०.५.

म्हणजे किरण थेंबावर कुठेही पडो, एकदा परावर्तित होऊन तो साधारण ४२ अंशांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. आणि त्या टोकाच्या आसपास तो रेंगाळतो, जसा झोका वरच्या टोकाला पोचला की परत फिरण्याआधी रेंगाळतो. ० ते ३० अंश आपतनाचे किरण २८ अंशांत पसरतात; ५० ते ६५ मधले सगळे जेमतेम दोन अंशांत कोंबले जातात. हे शेवटचे किरण काही थोडेथोडके नाहीत. सूर्याकडून पाहिलं तर थेंबाची जी तबकडी दिसते, तिच्यावर पडणाऱ्या किरणांचा जवळपास चौथा हिस्सा या पट्ट्यात येतो. कमान उजळते ती यामुळे.

फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती देकार्तने १६३७ मध्ये जे प्रसिद्ध केलं ते हेच गणित, कॅल्क्युलेटरशिवाय, एकेक किरण हाताने मोजून. त्याच्याही तीनशे वर्षं आधी, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मनीतला थिओडोरिक आणि इराणातला कमालुद्दीन अल-फारिसी या दोघांनी एकमेकांची गंधवार्ता नसताना एकच युक्ती केली होती: पाण्याने भरलेला काचेचा गोल म्हणजे मोठा केलेला थेंब समजून त्यातून जाणारा उजेड तपासायचा. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने लिहून ठेवलंय की वाऱ्याने विखुरलेले सूर्याचे नानारंगी किरण ढगाळ आभाळात धनुष्याच्या आकारात दिसतात, तेच इंद्रधनुष्य. सूर्य आणि ढग यांचा संबंध त्याने बरोबर ओळखला होता. कोनाचं गणित मात्र व्हायचं होतं.

आता रंग. पाणी तांबड्या उजेडाला थोडं कमी वाकवतं (अपवर्तनांक १.३३१), जांभळ्याला थोडं जास्त (१.३४३). त्यामुळे गर्दीचा कोन प्रत्येक रंगाचा वेगळा: तांबड्याचा सुमारे ४२.४ अंश, जांभळ्याचा ४०.६. मधले रंग मध्ये. सगळा पट्टा दोन अंशांहूनही अरुंद, म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र शेजारी शेजारी मांडले तर जेवढे होतील साधारण तेवढा. त्यात सूर्य काही बिंदू नाही, त्याची तबकडीच अर्ध्या अंशाची आहे, म्हणून शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. लोलकातून भिंतीवर पडतो तसला स्वच्छ पट्टा आभाळात कधीच दिसत नाही. ‘तानापिहिनिपाजां’ पाठ असू द्यावं, पण पारवा शोधत उभं राहू नये. न्यूटनने सुरुवातीला पाचच रंग मोजले होते. संगीतातल्या सप्तकाशी मेळ बसावा म्हणून त्याने पुढे दोन वाढवले. पारवा मार्कांपुरता.

कमानच का, याचं उत्तर आता सोपं आहे. पाठीवर ऊन घेऊन उभे राहा. सूर्य, तुमचं डोकं आणि डोक्याची सावली एका रेषेत. ती रेषा पुढे वाढवली की जी दिशा मिळते तिला प्रतिसूर्य बिंदू म्हणतात. तो सूर्याच्या बरोबर उलट बाजूला, म्हणजे सूर्य वर असताना क्षितिजाच्या खाली असतो. या रेषेशी ४२ अंशांचा कोन करणाऱ्या जेवढ्या दिशा आहेत, त्या सगळ्यांतले थेंब तुमच्या डोळ्याकडे गर्दीचा उजेड पाठवतात. एका रेषेशी ठराविक कोन करणाऱ्या सगळ्या दिशा मिळून शंकू होतो आणि शंकूच्या टोकाशी डोळा ठेवून पाहिलं की दिसतं वर्तुळ. आभाळभर थेंब आहेत हे खरंच, पण ते आपापला उजेड भलतीकडे पाठवत असतात, कदाचित शेजारच्या गच्चीवरच्या माणसाच्या डोळ्यात. वर्तुळाचा खालचा भाग जमिनीत जातो, कारण तुमच्या डोळ्यांच्या आणि जमिनीच्या मधल्या जागेत पाऊस असतोच कितीसा? उरलेल्या वरच्या भागाला आपण धनुष्य म्हणतो.

हे आभाळात मोजताही येतं आणि त्याला उपकरण लागत नाही. हात ताठ पुढे करा आणि पंजा ताणा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची वीत डोळ्याला २० ते २२ अंशांची दिसते. मुलीचा पंजा लहान आहे, पण हातही आखूडच आहे, त्यामुळे तिचाही हिशेब जमतो. डोक्याच्या सावलीपासून कोणत्याही बाजूला दोन विती मोजल्या की तिथे इंद्रधनुष्य असायला हवं. पावसाची सर आणि ऊन दोन्ही आहे, तरी धनुष्य दिसत नाही अशी तक्रार करणारे बहुतेक वेळा भलतीकडे बघत असतात. वितीने मोजायची सवय लागली की फिकट तुकडासुद्धा सापडतो.

दुपारी इंद्रधनुष्य का नाही, हेही यातच आलं. सूर्य क्षितिजापासून जेवढा वर, तेवढं वर्तुळाचं केंद्र क्षितिजाखाली. सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की अख्खं वर्तुळ जमिनीखाली जातं. पुण्यात ऑगस्टच्या मध्यात सूर्य सकाळी साधारण सव्वानऊला ४२ अंशांच्या वर जातो आणि दुपारी चारच्या सुमारास खाली येतो. नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथे हे सगळं वीसेक मिनिटं आधी. म्हणजे श्रावणात ऊन-पावसाचा खेळ दिवसभर चालू असला, कोल्ह्याची लग्नं दिवसभर लागत असली, तरी साडेनऊ ते पावणेचार या वेळेत पुण्याच्या सपाट जमिनीवरून आभाळात इंद्रधनुष्य दिसणार नाही. चारला ते क्षितिजाला चिकटलेलं असतं, इमारतींमागे लपतं. सूर्य ३० अंशांवर आला की कमानीचा माथा १२ अंश वर येतो. मावळतीला अर्धं वर्तुळ पुरं होतं आणि माथा ४२ अंशांवर, म्हणजे दोन विती उंच. शिवाय त्या वेळी सूर्याच्या उजेडातले निळे-जांभळे भाग हवेत विखुरून गेलेले असतात, म्हणून कधी कधी कमान जवळजवळ नुसती तांबडी दिसते. मी तरी पाहिलेल्यांत सगळ्यात देखणी कमान तीच.

डिसेंबरातसुद्धा पुण्यात माध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांवर असतो, त्यामुळे हिवाळ्यातही दुपारी बाराला सूट नाही. तुमचे कुणी नातेवाईक लंडनला असतील तर त्यांना हा नियम सांगायला जाऊ नका. तिथे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सूर्य ४२ अंशांच्या वर जातच नाही. भर दुपारी बारालाही उत्तरेला इंद्रधनुष्य दिसू शकतं. आणि आपल्याकडे दुपारची सूट हवीच असेल तर कड्यावर जावं. धबधब्याच्या माथ्यावरून खाली दरीतल्या तुषारांकडे पाहताना क्षितिजाखालची जागाही मोकळी असते, तिथे भर दुपारी पायाखाली धनुष्य दिसतं.

पावसाचा अंदाज म्हणून इंद्रधनुष्याचा उपयोग होतो का, असं कुणीतरी विचारतंच. थोडा होतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सरी बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. त्यामुळे संध्याकाळी पूर्वेला दिसलेलं धनुष्य म्हणजे सर तुम्हाला ओलांडून गेली. सकाळी पश्चिमेला दिसलेलं म्हणजे छत्री घेऊन निघा. परतीच्या पावसात हा ठोकताळा बऱ्याचदा फसतो, कारण ऑक्टोबरातले गडगडाटी ढग पूर्वेकडूनही चालून येतात.

आता तिचा तिसरा आणि चौथा प्रश्न, त्यांचं उत्तर एकच आहे. आकृतीत एका थेंबातून सगळे रंग बाहेर पडताना दाखवतात. तांबडा जास्त तिरका, म्हणून तो खाली जातो. जांभळा कमी तिरका, तो वर राहतो. आकृती बरोबरच आहे. पण हे सगळे रंग एका डोळ्यात येत नाहीत, एकमेकांपासून फाकत जातात. एका थेंबाकडून तुमच्या डोळ्याला एका वेळी एकच रंग मिळतो. तांबडा जास्त तिरका खाली येतो, म्हणजे तो डोळ्यापर्यंत यायला थेंब जास्त उंच हवा. जांभळा कमी तिरका, त्यासाठी थेंब खालचा हवा. म्हणून एका थेंबाच्या आकृतीत तांबडा खाली आणि हजारो थेंबांच्या आभाळात तांबडा वर. तोच थेंब पडत पडत ४२.४ अंशांवरून जाताना तुम्हाला तांबडा, थोडा खाली आला की पिवळा, मग हिरवा, शेवटी जांभळा उजेड देतो आणि मग रंगांतून बाद होतो. तोवर वरून दुसरा थेंब त्याच्या जागी आलेला असतो. कमान हलत नाही कारण ती थेंबांना बांधलेलीच नाही. ती सूर्य आणि तुमचा डोळा यांच्यातल्या कोनाला बांधलेली आहे. तुम्ही दहा पावलं चाललात तर ती तुमच्याबरोबर चालते. तिचं टोक अमक्या शेतात टेकलंय असं बोट दाखवून सांगता येतं, पण त्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला तिथे काहीच दिसत नसतं.

इथे एक गोष्ट खास बजावतो, कारण क्लासच्या नोट्समध्ये आणि व्हिडिओंमध्ये ती सर्रास चुकते. थेंबाच्या आत जे परावर्तन होतं ते ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ नसतं, म्हणजे सगळाच्या सगळा उजेड आत परत फिरत नाही. तसं व्हायला किरण एका ठराविक कोनापेक्षा जास्त तिरका आदळावा लागतो, तो क्रांतिक कोन. पाण्याचा क्रांतिक कोन ४८.६ अंश. इंद्रधनुष्याचा किरण थेंबाच्या मागच्या बाजूला सुमारे ४० अंशांनी आदळतो, म्हणजे क्रांतिक कोनाच्या बराच अलीकडे. खरं तर गोल थेंबात पूर्ण आंतरिक परावर्तन होणं शक्यच नाही: आत शिरताना जो अपवर्तन कोन झाला, तेवढ्याच कोनाने किरण पलीकडे आदळतो, आणि बाहेरून आत आलेल्या किरणाचा अपवर्तन कोन क्रांतिक कोनापेक्षा मोठा होऊच शकत नाही. त्यामुळे तिथे शंभरातला पाच-सहा भाग उजेडच परत फिरतो, बाकीचा थेंबाच्या मागून निघून जातो. एवढ्याशा उरलेल्या उजेडात सगळा खेळ आहे. परीक्षेत ‘आंतरिक परावर्तन’ लिहावं, ‘पूर्ण’ हा शब्द जोडू नये.

या परावर्तनाचा आणखी एक परिणाम घरच्या घरी तपासता येतो. ४० अंशांच्या आसपास पाण्याच्या आतून परतणारा उजेड जवळजवळ पूर्ण ध्रुवित (पोलराइज्ड) होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात, आणि ध्रुवणाची दिशा कमानीच्या रेषेला धरून असते. पोलरॉइड गॉगल आडव्या ध्रुवणाचा उजेड अडवतो. तो घालून पाहिलं तर कमानीचा माथा, जिथे ती आडवी असते, गायब होतो आणि दोन्ही बाजूंचे पाय राहतात. मान खांद्याकडे कलती केली की गायब झालेला भाग सरकतो. डोंगरावर मुलं यावर जेवढी ओरडतात तेवढी दुसऱ्या कशावर नाही. फोटो काढणाऱ्यांनी पोलरायझर फिल्टर लावला असेल तर तो फिरवून बघावा. चुकीच्या कोनात ठेवला तर समोर दिसणारं धनुष्य फोटोत येत नाही. मोबाइलच्या साध्या लेन्समध्ये मावळतीची पूर्ण कमान बसत नाही, कारण तिची रुंदी ८४ अंश असते. वाइड लेन्स लावा, फोन आडवा धरा.

दुसरी, बाहेरची फिकट कमान दिसली का विचारा तिला. काही किरण थेंबाच्या आत एकदाच्या ऐवजी दोनदा परावर्तित होतात. त्यांचा गर्दीचा कोन तांबड्यासाठी सुमारे ५०.४ आणि जांभळ्यासाठी ५३.५ अंश. म्हणजे बाहेरच्या कमानीत रंग उलटे: तांबडा आतल्या कडेला, जांभळा बाहेर. दोन परावर्तनांत दोनदा गळती, शिवाय पट्टा जास्त रुंद, म्हणून ती फिकट.

मला स्वतःला कमानींपेक्षा त्यांच्या आतबाहेरचं आभाळ जास्त बोलकं वाटतं. आठवा, एकदा परावर्तित झालेला उजेड ४२ अंशांच्या आतच सगळीकडे पसरतो. तिथे सगळे रंग एकमेकांवर पडून पांढरट उजेड होतो, म्हणून मुख्य कमानीच्या आतलं आभाळ उजळ. दोनदा परावर्तित झालेला उजेड ५० अंशांच्या बाहेरच पसरतो. मधल्या आठ अंशांत दोघांपैकी कुणीच काही पाठवत नाही, म्हणून दोन कमानींमधला पट्टा गडद. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांडर नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने त्याची नोंद केली, म्हणून तो अलेक्झांडरचा पट्टा. पुढच्या वेळी चांगली कमान दिसली की रंग सोडून आधी हा उजेड-काळोखाचा फरक बघायचा. ‘थेंब म्हणजे लोलक’ एवढ्याने तो समजत नाही, ४२ च्या गणिताने समजतो.

तीनदा परावर्तित झालेल्या उजेडाची कमानही असते, पण ती सूर्याच्या बाजूला, सूर्याभोवतीच साधारण ४० अंशांवर पडते आणि सूर्याच्या झगमगाटात बुडून जाते. तिचा पहिला खात्रीचा फोटो २०११ मध्ये जर्मनीत निघाला. आपण ती शोधू नये.

मात्र मुख्य कमानीच्या आतल्या कडेला, जांभळ्याच्या खाली, कधी कधी हिरवट-गुलाबी बारीक रेघा दिसतात, विशेषतः माथ्याजवळ. त्या नक्की शोधाव्यात. वर केलेलं किरणांचं गणित इथे तोकडं पडतं. ४२ अंशांच्या आत एकाच कोनाला दोन वाटांनी किरण येतात (वरचे आकडे बघा, ४१.३ च्या आसपास एक ६५ अंश आपतनाचा आणि एक ५०-५५ च्या मधला), आणि प्रकाश ही लहर असल्यामुळे ते दोघे कुठे एकमेकांना बळ देतात, कुठे मारतात. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात हे कारण दिलं. या रेघा दिसल्या की समजावं, थेंब बारीक आणि एकसारखे आहेत. मोठ्या टपोऱ्या थेंबांनी रंग झगझगीत होतात पण रेघा पुसल्या जातात. थेंब मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान झाले, म्हणजे धुकंच झालं, की सगळे रंग एकमेकांत पसरतात आणि कमान पांढरी उरते. धुक्यातलं हे पांढरं धनुष्य घाटमाथ्यावर सकाळी दिसतं. बहुतेक लोक त्याकडे ढग समजून पाठ फिरवतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गोल इंद्रधनुष्य’, ‘दुपारचं इंद्रधनुष्य’ म्हणून जे फोटो फिरतात त्यातले बरेचसे इंद्रधनुष्याचे नसतात. इथेही वीत कामाला येते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी ऊन पाठीशी आणि दरीत धुकं असताना आपल्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं दिसतं, ते इंद्रवज्र. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्सने १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात हरिश्चंद्रगडावरच्या या गोल धनुष्याचं वर्णन केलंय. पण ते अख्खं कडं एका वितीत मावतं. म्हणजे ४२ अंशांशी त्याचा काही संबंध नाही. धुक्याचे सूक्ष्म थेंब उजेड जवळजवळ आला त्याच दिशेने परत पाठवतात तेव्हा लहरींच्या गुणामुळे ते होतं. विमानाच्या सावलीभोवती दिसतं तेही हेच. विमानाच्या एवढ्याशा खिडकीत ८४ अंशांचं वर्तुळ मावेल कुठून?

सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं ते वेगळं. ते सूर्याच्याच बाजूला, त्याच्यापासून एक वीत अंतरावर असतं आणि उंच ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांनी होतं. (मोजताना सूर्य इमारतीच्या आड घ्या, थेट बघू नका.) आणि उन्हाळ्यात भर दुपारी पातळ ढगात क्षितिजाला समांतर रंगीत पट्टा दिसला, सूर्याच्या खाली दोन वितींहून थोडा जास्त, तर तोही बर्फाच्या स्फटिकांचा. त्यासाठी सूर्य ५८ अंशांच्या वर लागतो, जे आपल्याकडे उन्हाळ्यात रोजचंच आहे.

शेवटी, तिला करून बघायला एक प्रयोग. शाळेच्या प्रयोगशाळेतून अडीचशे मिलीचा गोल बुडाचा चंबू आणा, पाण्याने भरा. पांढऱ्या कार्डशीटला मधोमध चंबूच्या रुंदीएवढं भोक पाडा. खोली अंधारी करा, सकाळी आठच्या आत खिडकीतून येणारं ऊन, गरज पडल्यास आरशाने वळवून, भोकातून चंबूवर घ्या. चंबूचा मध्य कार्डशीटपासून २० सेंटीमीटरवर. आता कार्डशीटच्या चंबूकडच्या बाजूला बघा: भोकाभोवती फिकट रंगीत कडं उमटलेलं असेल, बाहेरून तांबडं, आत पांढरट उजेड, बाहेर काळोख. चंबूच्या मानेमुळे ते एका जागी तुटेल, ते सोडून द्या. त्रिज्या मोजली तर २२-२३ सेंटीमीटर भरेल. त्यातले १८ हे ४२ अंशांच्या कोनाचे, वरचे चार-पाच चंबूच्या स्वतःच्या जाडीमुळे.

मग पाणी ओतून द्या आणि ८० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम साखर या प्रमाणात विरघळवलेलं साखरेचं पाणी भरा. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.३६४. चंबू भरण्याआधी मुलीला वरचंच गणित या आकड्याने करायला लावा. गर्दीचा कोन ३८ अंशांच्या जरा अलीकडे येईल. मग तिने पट्टी घेऊन कडं मोजावं. ते तीनेक सेंटीमीटर आत सरकलेलं असतं.